मेंदूचे पहारेकरी स्कॅनमध्ये दिसतात, पण कितपत?

प्रश्न : वडिलांना (वय ६८) अल्झायमर आहे. मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी बचावाचं काम करतायत की नाही, हे पेट स्कॅनमध्ये कळतं असं वाचलं. करून घ्यावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : उपचार ठरवण्यासाठी नको. या पेशी म्हणजे मायक्रोग्लिया. त्या शोधायला बहुतेक वेळा टीएसपीओ या प्रथिनाला चिकटणारं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. हे प्रथिन पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणावर असतं. जिथे मायक्रोग्लियाची गर्दी, तिथे चित्र उजळतं. पण गर्दी दंगलीची की मदतीची, हे त्यावरून सांगता येत नाही. शिवाय टीएसपीओ ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशींमध्ये आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही असतं, त्यामुळे उजळलेला सगळा भाग मायक्रोग्लियाच्या नावे लिहिणं चूक.

बचावाचं काम खरंच असतं. अल्झायमरमध्ये साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाच्या गाठीभोवती मायक्रोग्लिया कडं करतात आणि ती पसरू देत नाहीत. त्यासाठी ट्रेम-२ हा ग्राहक (पेशीच्या पृष्ठभागावरचं संदेश टिपणारं प्रथिन, म्हणजे रिसेप्टर) लागतो. त्याच्या जनुकातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका बराच वाढवतो. म्हणून ट्रेम-२, पी२वाय१२ अशा मायक्रोग्लियावरच्या खुणांना चिकटणारी स्कॅनची औषधं तयार करण्यावर संशोधन चालू आहे. रोजच्या तपासणीत ती आलेली नाहीत.

प्रश्न : मग संशोधनात भाग घ्यायचा झाला, तर काय विचारावं?

उत्तर : पहिली गोष्ट जनुकाची. टीएसपीओच्या जनुकातल्या आरएस६९७१ या जागी दोन्ही प्रती बदललेल्या असतील, तर पीबीआर२८सारखं टीएसपीओ-स्कॅनचं नवं औषध जवळजवळ चिकटतच नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत असे साधारण दहात एक निघतात. ही रक्ततपासणी आधी केली नाही, तर ‘दाह कमी आहे’ असा साफ खोटा निष्कर्ष निघू शकतो. जुन्या पीके१११९५ला या बदलाचा फरक पडत नाही. पण ते इतकं इकडेतिकडे चिकटतं की चित्र धूसर येतं.

दुसरी गोष्ट, डायझेपाम (चिंता, झटके यांवरची गोळी) चालू असेल तर सांगाच. तेही टीएसपीओलाच चिकटतं आणि जागा अडवतं. (गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका; अचानक सोडली तर झटके येऊ शकतात.)

तिसरी, हाताच्या धमनीत नळी घालणार का? मेंदूत टीएसपीओ अजिबात नाही असा कोपराच नाही, म्हणून तुलनेसाठी अचूक मोजमाप हवं तर धमनीतलं रक्त घ्यावं लागतं. एकूण ६० ते ९० मिनिटं डोकं न हलवता पडून राहायचं असतं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचं घोडं बहुधा इथेच अडतं.

प्रश्न : आमच्या शहरातल्या पेट सेंटरमध्ये हेच होतं का?

उत्तर : तिथे बहुधा एफडीजी, म्हणजे ग्लुकोजसारखं किरणोत्सारी औषध मिळतं. ते पेशी किती ग्लुकोज वापरतात ते दाखवतं. टीएसपीओच्या औषधांत कार्बन-११ किंवा फ्लुओरिन-१८ हा किरणोत्सारी अणू असतो. कार्बन-११चं अर्धायुष्य २० मिनिटांचं, म्हणजे तासाभरात आठवा हिस्सा उरतो. म्हणून ते तयार करणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, जवळच हवं. फ्लुओरिन-१८चं सुमारे ११० मिनिटं, म्हणून ते गाडीतून आणता येतं.

प्रश्न : बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. तिलाही पेटच लागेल का?

उत्तर : आधी एमआरआयवर एसडब्ल्यूआय (लोह ठळक दाखवणारी चित्रपद्धत) करता येईल का, ते विचारा, ३ टेस्ला चुंबकशक्तीचं यंत्र असेल तर उत्तम. या आजारात मेंदूत होणाऱ्या काही जुन्या जखमांच्या कडेला लोह साठलेल्या मायक्रोग्लियाची काळी किनार दिसते. तशी जखम आतून अजून धुमसत असते. एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात त्या नुसत्या गॅडोलिनियमने ही किनार कळत नाही. ते रक्त आणि मेंदूमधला अडसर कुठे गळतोय तेवढंच दाखवतं.