वाचकांचे प्रश्न: शिरोरेषेखालची जागा

उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला आहे. रोमन सुलेखनाची सपाट टोकाची निब हाताला बसली आहे, पण तिनेच देवनागरी लिहिले की अक्षर परके दिसते. सराव कमी पडतोय का?
– विद्यार्थिनी, फोंडा

सराव नव्हे, काप चुकतोय. रोमनसाठी निबची धार डावीकडे खाली आणि उजवीकडे वर अशी धरतात. देवनागरीची धार नेमकी उलटी असते, डावे टोक वर आणि उजवे खाली. त्यामुळे वरच्या उजव्या बाजूकडून खाली डावीकडे येणारी रेघ जाड उमटते आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. ‘व’चे पोट तपासा. जाडी वर डावीकडे आणि खाली उजवीकडे यायला हवी. तुमच्या निबने ती बरोबर उलट्या जागी येत असणार. ‘र’ची शेपूटही बारीक उतरण्याऐवजी जाडजूड होत असेल. अक्षर परके दिसते ते यामुळे.

मनगट पिळून सपाट निब उलट्या कोनात धरता येते, पण दहा मिनिटांत हात दुखतो आणि कोन हलू लागतो. बोरू करणेच सोपे. वाळलेल्या बांबूची पेन्सिलएवढी लांब काडी घ्या. टोकाकडून साधारण तीन सेंटिमीटर भाग उतरता तासा, टोक पोस्टकार्डाइतके पातळ होऊ द्या आणि मध्ये एक उभी चीर द्या म्हणजे शाई उतरेल. शेवटचा काप ४५ अंशांचा. तो फरशीवर किंवा काचेवर एका झटक्यात द्या. दोनदा कापलात तर धार दातेरी होते आणि रेघेच्या कडा फाटतात. पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेत बांबू फुगतो, कागदही ओल धरतो आणि शाई पसरते. जून ते सप्टेंबर कागद बंद पिशवीत ठेवा, शाई थोडी घट्ट वापरा आणि बोरू रोज काम झाल्यावर पुसून वाळवा.

आता कित्ता. टोक ४ मिलिमीटर रुंद असेल तर शिरोरेषा आणि पायरेषा यांत २४ मिलिमीटर, म्हणजे टोकाच्या सहापट अंतर ठेवा. वर आणि खाली मात्रा-उकारांसाठी प्रत्येकी निम्मी जागा सोडा. पहिले आठ-दहा दिवस अक्षरे लिहूच नका. उभा दंड, आडवी रेघ, डावीकडे वळणारा अर्धगोल आणि गाठ, एवढेच. ४५ अंशांत दंड आणि आडवी रेघ यांची जाडी जवळजवळ सारखी येते. ती सारखी नसेल तर कोन सरकलाय, हे फूटपट्टीशिवाय कळते. मग व, ब, क. त्यानंतर न, त, ग, म, भ. आणि शेवटी बिनदंडाची ट, ठ, ड, द, ह, ळ. ही शेवटची मंडळी शिरोरेषेला टांगलेली असतात, पायाशी त्यांना आधार नसतो, म्हणून तोल साधायला कठीण. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावरच ओढा. आधी ओढलीत की डोळा तिच्यावरच राहतो आणि खालच्या पांढऱ्या जागांकडे लक्ष जात नाही.

देवळाच्या जत्रेची स्मरणिका इनडिझाइनमध्ये लावतोय. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे उडी मारते, ‘म्हापसा’तला ‘म्ह’ पाय मोडलेला दिसतो. काही मजकूर तर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन आलाय. मुद्रक म्हणतो फॉन्ट खराब आहे.
– विद्यार्थी, म्हापसा

फॉन्टवर खापर फोडण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करा. कचरा झालेला मजकूर बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमधला आहे. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, त्यामुळे तोच फॉन्ट नसेल तर मजकूर वाचताच येत नाही. ज्याने तो टाइप केला त्याच्याकडून फॉन्टचे नाव घ्या, त्याच फॉन्टसाठीचा परिवर्तक वापरून युनिकोड करा आणि मग ओळ न् ओळ तपासा. रफार, ‘ऱ्य’, ‘श्र’, ‘क्ष’ आणि अवतरणचिन्हे यांत हमखास चुका राहतात. वर्गणीदारांच्या याद्या सर्वांत आधी तपासा. आडनाव चुकलेले कुणी विसरत नाही.

वेलांटीची उडी हा वेगळा रोग. परिच्छेदाच्या जस्टिफिकेशनच्या मेनूत ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. साध्या कंपोझरला देवनागरीचा क्रम कळत नाही. युनिकोडमध्ये ‘ि’ व्यंजनानंतर साठवलेली असते आणि दाखवायची असते आधी. ही अदलाबदल कंपोझर करतो, जोडाक्षरेही तोच फॉन्टमधून काढतो. हे सेटिंग परिच्छेद-शैलीतच ठेवा, नाहीतर प्रत्येक नव्या चौकटीत तीच रडकथा. भाषा मराठी ठेवा. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे वेगळी ठेवलेली असतात आणि भाषा सांगितल्याशिवाय ती पुढे येत नाहीत, हिंदी वळणाचा ‘ल’ दिसतो. कर्निंग, म्हणजे दोन अक्षरांतले अंतर, ‘ऑप्टिकल’ नको, ‘मेट्रिक्स’ ठेवा. ऑप्टिकलमध्ये प्रोग्रॅम अक्षरे आपल्या मनाने जवळ-दूर करतो आणि शिरोरेषेला भेगा पडतात.

ट्रॅकिंगही शून्यच. रोमन शीर्षक मोकळे करायला अक्षरांत अंतर वाढवतात; देवनागरीत तसे केले की शब्दाचे तुकडे होतात. मोकळेपणा हवा असेल तर शब्दांतले अंतर वाढवा किंवा रुंद वळणाचा फॉन्ट घ्या. दोन्ही कडा सरळ करायच्या असतील तर शब्दांतर ८५, १००, १३० टक्के, अक्षरांतर तिन्ही रकान्यांत शून्य आणि अक्षराची रुंदी १०० टक्केच ठेवा. अरुंद रकान्यात तरीही शब्दांमधल्या पांढऱ्या जागांच्या नद्या वाहू लागल्या तर हट्ट सोडून उजवी कड मोकळी ठेवा. आमच्या मते स्मरणिकेच्या दोन रकानी पानावर तेच बरे दिसते.

मजकूर १२ पॉइंटचा असेल तर ओळींचे अंतर १७ ते १८ पॉइंट. प्रोग्रॅम आपणहून १२० टक्के, म्हणजे १४.४ पॉइंट देतो, आणि तिथे वरच्या ओळीतला ‘द्धू’ खालच्या ओळीतल्या ‘र्कीं’वर आदळतो. कोकणी मजकुराला आणखी अर्धा पॉइंट द्या. ‘केपें’, ‘हांवें’सारखे शब्द पावलोपावली येतात आणि मात्रेवरचा अनुस्वार ओळीची वरची बाजू सतत गजबजलेली ठेवतो.

फॉन्ट मोफत हवा असेल तर ‘मुक्ता’, ‘टिरो देवनागरी मराठी’ आणि राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ हे तिन्ही युनिकोड आहेत. लांब मजकुराला शेवटचे दोन, जाहिरात आणि तक्त्यांना ‘मुक्ता’. मुद्रकाला पीडीएफ द्या, मूळ फाइल नको.

स्वतःचा देवनागरी फॉन्ट करायचा आहे. किती अक्षरे काढावी लागतील आणि सुरुवात कुठून?
– विद्यार्थी, मडगाव

हा प्रश्न गोव्यात चारशे वर्षे जुना आहे. इथे छापखाना १५५६ सालीच आला. पण जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ च्या पत्रात अडचण लिहिली ती हीच: युरोपात चोवीस साच्यांत भागते, इथल्या लिपीला सहाशे लागतील. त्यांचे मराठी पुराण १६१६ साली राशोलला छापले गेले ते रोमन लिपीत. सहाशेचा अंदाज आजही फारसा चुकत नाही. युनिकोडच्या देवनागरी कोष्टकात जागा १२८ आहेत, पण जोडाक्षरे, अर्धी रूपे, रफाराच्या जोड्या आणि वेलांट्यांच्या वेगवेगळ्या रुंदी धरल्या की कामाचा फॉन्ट सहाशे ते नऊशे आकृत्यांवर जातो.

म्हणून आकड्याच्या मागे लागू नका. आधी बारा आकृत्या काढा: व, न, प, क, र, ट, म, ळ आणि ा, ि, ी, े. यांत दंड शेवटी असलेली, दंड मध्ये असलेली आणि दंड नसलेली अशी तिन्ही कुळे येतात. बारांचा रंग, म्हणजे काळ्या-पांढऱ्याचा एकंदर तोल, जुळेपर्यंत तेरावे काढायचे नाही. हजार युनिटांच्या चौकटीत पायरेषा शून्यावर, शिरोरेषेची वरची कड ६२० च्या आसपास, दंड ९० आणि शिरोरेषा ७५ युनिट जाड अशी सुरुवात करता येईल. शिरोरेषा दंडाएवढीच जाड केलीत तर पान आडव्या पट्ट्यांचे दिसते. ‘ट’, ‘ठ’ यांसारखे गोल तळ पायरेषेच्या आठ-दहा युनिट खाली उतरवा, नाहीतर ते शेजाऱ्यांपेक्षा आखूड भासतात.

शिरोरेषा अक्षराच्या चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना दहा-पंधरा युनिट काढून ठेवा. कडेला कड नेमकी भिडवली तर पडद्यावर ठराविक आकारांत केसाएवढी फट दिसते.

खरी मेहनत अंतराची. देवनागरीत वरची रेघ जोडलेली असते, म्हणून अंतर मोजायचे ते तिच्याखालच्या पांढऱ्या जागेत. ‘ननपनन’, ‘ववरवव’, ‘ननटनन’ अशा ओळी छापा, शिरोरेषेवर कागदाची पट्टी ठेवून ती झाका आणि कागद उलटा धरा. वाचता येत नसल्यामुळे डोळा फक्त पांढरे पाहतो. ‘र’ आणि ‘द’ यांच्या पायाशी खड्डे दिसतील. ते भरायला अक्षर रुंद करू नका, बाजूची जागा कमी करा. ‘टर’, ‘दड’ या जोड्या शेवटपर्यंत छळतात.

दुसरी अवघड जागा ‘ि’. तिची कमान पुढच्या अक्षराच्या दंडापर्यंत पोचली पाहिजे. ‘र’साठी काढलेली कमान ‘क्ष्मि’वर तोकडी पडते आणि ‘क’च्या मापाची ‘रि’मध्ये पलीकडे लोंबते. पाच-सहा रुंदी काढा आणि कोणत्या अक्षराला कोणती हे नियमात बांधा. ‘ग्लिफ्स’ या फॉन्ट करण्याच्या प्रोग्रॅममध्ये आकृत्यांची नावे ठरलेल्या पद्धतीने दिली तर अर्ध्या रूपांचे नियम प्रोग्रॅम आपणहून लिहितो, पण तो मॅकवरच चालतो. ‘फॉन्टफोर्ज’ फुकट आहे, नियम मात्र हाताने बसवावे लागतात. फॉन्टची वरची-खालची मर्यादा सर्वांत उंच आणि सर्वांत खोल आकृतीवरून ठरवा. विंडोजसाठीची मर्यादा कमी पडली की रफार आणि अनुस्वार वरून कापले जातात; विद्यार्थ्यांच्या फॉन्टांत ही चूक फार दिसते.

चाचणीला गावांची नावे उत्तम. ‘कुंकळ्ळी’त ‘ळ्ळ’ सापडतो, जो कित्येक फॉन्टांत पाय मोडलेलाच येतो. ‘बार्देश’मध्ये रफार मात्रेवर चढतो, ‘वेर्णा’त तो कान्यावर जातो. ‘डिचोली’त आखूड वेलांटी बिनदंडाच्या अक्षराला, ‘म्हापसा’त ‘म्ह’, ‘धारबांदोडा’त रुंदीची कसोटी. मराठीसाठी ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ आणि ‘ॲ’ विसरू नका. कोकणीसाठी ‘न्ह’, ‘व्ह’, ‘ल्ह’ आणि ‘र्यें’ हवेत. ‘र्यें’त रफार, मात्रा आणि अनुस्वार एकाच जागेसाठी भांडतात, तिघांची मिळून एकच आकृती काढणे सोपे पडते.

दुकानाची पाटी मराठी आणि इंग्रजीत हवी आहे. दोन्हींचा आकार एकच ठेवला तर मराठी बारीक दिसते. व्हिनाइल कापणाऱ्याने शिरोरेषेचे तुकडेही करून दिले.
– वाचक, साखळी

एकाच पॉइंटात देवनागरीचे मूळ अक्षर लहानच असते, कारण वरच्या-खालच्या चिन्हांना त्याच मापातून जागा द्यावी लागते. पॉइंट बघू नका. ‘व’ची शिरोरेषेसकट उंची इंग्रजी छोट्या ‘एक्स’पेक्षा जास्त आणि मोठ्या ‘एच’पेक्षा थोडी कमी येईल इतके मराठी वाढवा, बहुतेकदा १५ ते २० टक्के. शिरोरेषा मोठ्या अक्षरांच्या माथ्याशी ताणून जुळवू नका. मराठी मग थोराड दिसते. वाचायच्या अंतरासाठी पाटीकामातला ठोकताळा असा: दर ३ मीटरला किमान २५ मिलिमीटर उंची. रस्त्यापलीकडून, १२ मीटरवरून वाचायची पाटी असेल तर अक्षर १०० मिलिमीटरच्या खाली नको.

तुकडे का झाले? वर सांगितलेल्या त्या दहा-पंधरा युनिटांमुळे. फॉन्टमध्ये शेजारच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात आणि कापणारे यंत्र प्रत्येक बाह्यरेषा वेगळी कापते. इलस्ट्रेटरमध्ये मजकुराच्या बाह्यरेषा करा, ‘पाथफाइंडर’मधले ‘युनाइट’ चालवा, मग आउटलाइन दृश्यात पाहा. शब्दभर एकच अखंड कड दिसली पाहिजे. अक्षरांना किनार द्यायची असेल तरी आधी हेच करा. फार बारीक गाठींचा फॉन्ट टाळा. ‘न’, ‘म’, ‘भ’ यांच्या गाठीतला ठिपका व्हिनाइल सोलताना निघून येतो किंवा आतच चिकटून राहतो.

मुलीला गोव्यात राहून हे कुठे शिकता येईल?
– पालक, काणकोण

पणजीत आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात उपयोजित कलेचा पदवी अभ्यासक्रम आहे. पुढे अक्षररचनेतच जायचे असेल तर मुंबईच्या आयआयटीतले आयडीसी, म्हणजे तिथली डिझाइनची शाळा. तिथल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीड, पदवीसाठी यूसीड परीक्षा. मुलीला दरम्यान पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात पाठवा. जुनी मराठी वृत्तपत्रे आणि मासिके मागून घ्यावीत, सोबत भिंग न्यावे आणि एकाच पानावरचा एकच शब्द दहा पट मोठा करून पेन्सिलीने उतरवावा. शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेल्या मजकुरात वेलांटी कुठे तुटते, जुळाऱ्याने जोडाक्षर कुठे उभे रचले आणि कुठे आडवे, हे भिंगातून दिसते. प्रवेशासाठीच्या कामांत अशी चार-पाच उतरवलेली पाने असू द्या. चकचकीत पोस्टर एखाद-दुसरे पुरे.