डॉक्टरांनी ग्रुप थेरपी सांगितली आहे. अनोळखी माणसांपुढे घरचं बोलावं लागतं का?

ताई, तुम्ही खानापूरच्या, आई गेल्यापासून मन थाऱ्यावर नाही आणि गटात बसलं तर गावभर बभ्रा होईल, असं तुम्ही लिहिलंय. माझे यजमान गेल्यावर दीड वर्षाने मी बेळगावात गटाला जायला लागले, तेव्हा माझ्या पोटात हाच गोळा होता.

आम्ही आठजण, दोन समुपदेशक, आठवड्यातून एकदा दीड तास. बोलायची सक्ती नव्हती. पहिले तीन आठवडे मी नाव सांगण्यापलीकडे तोंड उघडलं नाही. चौथ्या वेळी एक आजोबा कानडीत म्हणाले, "निद्दी बरंगिल्ल." झोप येत नाही. बायको गेल्यावरही रात्री ते दोन ताटं मांडायचे आणि मग एक उचलून ठेवायचे. मी घरी यजमानांची कपबशी रोज धुऊन पालथी घालत होते. मला वाटायचं, माझं डोकं फिरलंय. त्या दिवशी मी कपबशीचं सांगितलं.

अर्विन यालोम या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी गटात माणूस कशाने सावरतो याची 11 कारणं मांडली आहेत. 'मी एकटीच अशी नाही' हे उमजणं त्यातलं एक आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडणं हे दुसरं. मला दुसरं जास्त लागू पडलं. गोळ्या घेऊन जगणारी मी कुणालातरी धीर देऊ शकते, हे कळल्यावर मी घराबाहेर पडायला लागले.

आता बभ्र्याचं. इथलं बाहेर न्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घेतात. उपचार करणाऱ्यांवर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं बंधन असतं, बाकीच्यांवर दिलेल्या शब्दाचं. आमच्या गटात माझ्याच गल्लीतली एक बाई निघाली. मी हादरलेच. पुढे गणपत गल्लीत भेटली, मेथीच्या पेंडीचा भाव विचारला आणि गेली. तरी धास्ती असेल तर खानापुरात नको, बेळगाव किंवा धारवाडचा गट बघा.

दुःख, उदासी, सततची काळजी, दारू सोडणं, लांबलेलं आजारपण, यांत गटाचा उपयोग होतो. जीव द्यावासा वाटत असेल किंवा भास होत असतील, तर गटाची वाट बघू नका, आधी थेट डॉक्टरांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

नाव नोंदवताना गट कुठल्या भाषेत चालतो ते विचारा. आमच्यात मराठी-कानडी दोन्ही चालायचं, अडलं की शेजारचा सांगायचा. नवीन माणसं मधेच येतात का, तेही विचारा. येत नसतील तो गट घ्या. तुमच्यासारखीला दर आठवड्याला तीच तोंडं दिसली तर बोलणं सोपं जाईल.