घोट्याच्या वाकडेपणाची नोंद आणि तिचा कोड: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पुण्यातील एका कंपनीत मी अमेरिकी रुग्णालयांच्या अस्थिरोग विभागाच्या नोंदींचे कोडिंग करते, म्हणजे प्रत्येक निदानाला ठरलेला कोड देते. सर्जनच्या टिपणात पुष्कळदा नुसते ‘अँकल डिफॉर्मिटी’ एवढेच लिहिलेले असते. एक्स-रेच्या अहवालातील कोनाचे आकडे पाहून घोटा बाहेरच्या बाजूला झुकला असल्याचे मला कळते. अशा वेळी व्हॅल्गसचा, म्हणजे बाहेर झुकलेल्या घोट्याचा, कोड लावावा, की आमचे टीम लीडर सांगतात त्याप्रमाणे ‘अनस्पेसिफाइड’ (प्रकार स्पष्ट नसल्याचा) कोड लावून पुढे जावे?

उत्तर: दोन्ही मार्ग मला मान्य नाहीत. कोनाच्या आकड्यावरून निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. आपला अंदाज कितीही अचूक असला तरी तो निदान म्हणून नोंदीत शिरता कामा नये. दुसरीकडे, आयसीडी-१०-सीएम या निदानांच्या अमेरिकी कोडसूचीच्या अनुक्रमणिकेत घोट्याच्या मोघम विकृतीपासून शोध सुरू केला, तर आपण ‘लोअर लेग’च्या एम २१.९६ या गटात जाऊन पोहोचतो. म्हणजे ज्या घोट्यासाठी रुग्ण आला, त्या घोट्याचा उल्लेखच कोडमधून नाहीसा होतो. पुढे त्याच घोट्याच्या शस्त्रक्रियेचा दावा विमा कंपनीकडे गेला की निदान आणि शस्त्रक्रिया यांचा मेळ बसत नाही, आणि त्याचा त्रास अखेर रुग्णालाच होतो.

डॉक्टरांनी दिशा आणि बाजू लिहिली असेल तर काम सोपे आहे. घोट्याच्या व्हॅल्गससाठी उजवीकडे एम २१.०७१ व डावीकडे एम २१.०७२, तर व्हॅरससाठी (घोटा आत झुकला असल्यास) अनुक्रमे एम २१.१७१ व एम २१.१७२ हे कोड आहेत. दोन्ही घोट्यांसाठी एकत्रित कोड नाही, म्हणून दोन्ही बाजूंना दोष असल्यास दोन्ही कोड द्यावे लागतात.

खरी अडचण येते ती पाऊल खाली झुकलेल्या रुग्णांच्या बाबतीत. सांधाच आखडला असेल तर एम २४.५७ हा गट लागतो, टाचेमागची अ‍ॅकिलीस कंडरा (टेंडन) आखूड झाली असेल तर एम ६७.०, आणि पाऊल वर उचलण्याची ताकदच गेली असेल, म्हणजे फूट ड्रॉप असेल, तर एम २१.३७. पाहणाऱ्याला तिन्ही रुग्णांची चाल थोडीफार सारखी वाटेल, पण तिन्हींची कारणे वेगळी आणि उपचारही वेगळे. पाऊल हाताने सरळ करता येते की नाही, आणि गुडघा वाकवल्यावर आखडलेपणा कमी होतो की नाही, ही दोन निरीक्षणे सर्जनने लिहिली तर निदान कशावर उभे आहे हे नोंद वाचणाऱ्या प्रत्येकाला समजते. तपासणीच्या वेळी ही निरीक्षणे बहुतेक सर्जन करतातच. ती कागदावर उतरत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून आपण सर्जनना लेखी विचारणा करावी. ‘हा व्हॅल्गस आहे ना?’ असा उत्तर सुचवणारा प्रश्न मात्र विचारू नये. अहवालातील निष्कर्ष जसेच्या तसे मांडावेत, आणि विकृतीचा प्रकार, बाजू, ती जन्मजात आहे की नंतर उद्भवलेली, व तिचे कारण स्पष्ट करण्याची विनंती करावी. केवळ बाजूचाच उल्लेख राहिला असेल, तर परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्या नोंदीतून ती घेण्याची मुभा अमेरिकी मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. नोंदी परस्परविरोधी असतील तर मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारणे भाग आहे.

प्रश्न: क्लबफूटला (आत वळलेल्या पावलाला) कधी ‘क्यू’चा कोड लागतो, तर कधी ‘एम’चा. नेमका नियम काय?

उत्तर: कोडसूचीत जन्मजात विकृती ‘क्यू’ प्रकरणात येतात, तर नंतर उद्भवलेल्या ‘एम’ प्रकरणात. घोटाळा होतो तो काहीच लिहिलेले नसते तेव्हा. नुसते ‘क्लबफूट’ लिहिले असेल तर अनुक्रमणिका ते जन्मजात समजून क्यू ६६.८९ कडे पाठवते. नुसते ‘फ्लॅटफूट’ (सपाट तळवा) लिहिले असेल तर तीच अनुक्रमणिका ते नंतरचे मानून एम २१.४ देते. दोन शेजारच्या शब्दांसाठी गृहीतके अशी उलटी असल्याने सवयीवर विसंबू नये. ‘इक्वायनोव्हॅरस’ (पाऊल खाली व आत वळलेले) असा स्पष्ट शब्द असल्यास उजव्या पायासाठी क्यू ६६.०१ आणि डाव्यासाठी क्यू ६६.०२ मिळतो. जन्मजात दोष अजून शिल्लक असेल, तर रुग्ण चाळीस वर्षांचा असला तरी ‘क्यू’चाच कोड द्यावा. तो पूर्ण दुरुस्त झाला असेल तर झेड ८७.७६ या गटातील पूर्वेतिहासाचा कोड द्यावा.

पक्षाघाताने आलेला क्लबफूट मात्र एम २१.५४ मध्ये जातो. भारतात वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये आढळला, तरी बालपणी पोलिओ झालेले प्रौढ रुग्ण आजही आपल्याकडे उपचारांसाठी येतात. त्यांच्या नोंदीत सध्याची विकृती आधी लिहून तिच्यामागे पोलिओच्या परिणामांचा बी ९१ हा कोड जोडावा. कुष्ठरोगामुळे फूट ड्रॉप झाला असेल तर बी ९२. आपल्या देशातील रुग्णालये जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आयसीडी-१० वापरतात. तिच्या कोडमध्ये उजवी-डावी बाजू नसते, त्यामुळे ती केसपेपरवर शब्दांत लिहिणे अधिकच गरजेचे ठरते.

प्रश्न: घोट्याचे हाड मोडून वाकडे जुळले, तर फ्रॅक्चरच्या कोडला शेवटी ‘एस’ लावायचा का?

उत्तर: नाही. हाड वाकडे जुळल्याबद्दलच उपचार सुरू असतील, तर बंद फ्रॅक्चरसाठी सातवे अक्षर ‘पी’ असते. उदाहरणार्थ, उजव्या बाहेरच्या घोट्याच्या सरकलेल्या फ्रॅक्चरसाठी एस ८२.६१ एक्स पी. ‘एस’ हे अक्षर दुखापतीच्या उशिरा दिसणाऱ्या परिणामांसाठी राखलेले आहे. लहानपणी हाडाच्या वाढीच्या पट्टीला इजा झाली आणि काही वर्षांनी घोटा आत झुकला, तर आधी व्हॅरसचा कोड आणि त्यानंतर त्या जुन्या दुखापतीचा ‘एस’ने संपणारा कोड, असा क्रम ठेवावा. वाढ खुंटल्याचे निदान डॉक्टरांनी लिहिले असेल तर एम ८९.१ या गटातील कोडही सोबत द्यावा.