धोबी घाट स्टेशनवर राहिलेले मास्तर

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

सोलापूरची बावीस माणसं घेऊन सिंगापूरला निघालीस आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी शोधाशोधीचा खेळ ठेवलास, हे वाचून बरं वाटलं. तुझा आराखडाही पाहिला. चार गट, बारा फोटो, जो गट मर्लायनच्या पुतळ्यापाशी आधी पोचेल तो जिंकला. माझा पहिला खेळ हुबेहूब असाच होता, म्हणून तर हे पत्र.

त्या खेळात एक निवृत्त मास्तर धोबी घाट स्टेशनवर मागे राहिले. (नाव खरंच तेच आहे. पूर्वी तिथल्या ओढ्यावर आपल्या देशातून गेलेले धोबी कपडे धूत.) मेट्रोच्या तीन मार्गिका तिथे एकत्र येतात, सरकते जिने संपता संपत नाहीत. गट पळाला, मास्तरांचे गुडघे पळाले नाहीत. पंचवीस मिनिटांनी सापडले तेव्हा नकाशासमोर शांत उभे होते. मला म्हणाले, "आमचा गट जिंकला का हो?" चार शब्द सुनावले असते तर मी सोसले असते.

तेव्हापासून घड्याळ थांबतं ते गटातला शेवटचा माणूस पोचल्यावर. पण नुसत्या नियमाने भागत नाही गं. मागे राहणारा माणूस गटाला ओझं वाटतोच. त्याच्यावाचून अडेल असं काम गटाला द्यायच्या चिठ्ठीत हवं. म्हणून आधी चिठ्ठ्या लिहू नकोस, आधी माणसांची यादी घेऊन बस. कोण कुठली भाषा बोलतं, कोणाला साखर आहे, कोण घरात स्वयंपाक करतं.

साखरवाल्यांसाठी माझी चिठ्ठी ठरलेली आहे: बिनसाखरेची काळी कॉफी तिथल्या बोलीत मागून आणा. नुसतं 'कोपी' म्हटलं तर घट्ट गोड दूध घालून मिळते. 'कोपी-ओ' म्हणजे बिनदुधाची, पण साखर असतेच. 'कोपी-ओ कोसोंग' म्हटलं की साखरही जाते. एरवी चहाच्या वेळी तोंड बारीक करून बसणारा माणूस त्या दिवशी गटाचा कप्तान होतो.

दुसरी चिठ्ठी लिटल इंडियातली. धोबी घाटाहून एकच स्टेशन. गजरेवाल्याकडून मोगऱ्याचं त्याच्या भाषेतलं नाव घेऊन यायचं. एकदा सोलापुरातल्या कन्ना चौकातल्या एक अक्का होत्या, सहलीत तीन दिवस जेमतेम बोललेल्या. त्या सरळ तेलुगूत म्हणाल्या, "मल्ले." गजरेवाला तमिळ, तो म्हणाला, "मल्ली." मागून अक्कलकोटचे एक काका कानडीत ओरडले, "मल्लिगे!" पुढचा अर्धा तास कोणी हलेना. तो गट शेवटचा आला आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

जेवणाच्या वेळी तिकडच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांत, रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसेल. ते का ठेवलंय, हे शोधायला सांग. त्याला 'चोप' म्हणतात. जागा धरलेली असते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून वाढलेल्या पिढीला हे बरोबर उमगतं, तुमच्या वयाची पोरं मात्र खुशाल त्याच टेबलावर जाऊन बसतात. जेवून झाल्यावर ट्रे ज्याचा त्याने नेऊन ठेवायचा, 2021 पासून तशी सक्ती आहे.

मर्लायनला गुण देऊ नकोस. साडेआठ मीटरहून उंच, वर सिंह खाली मासा. त्याचा फोटो कोणीही सांगितल्याशिवाय काढतो. तिथे फक्त सगळ्यांनी जमायचं.

आणि हो, मेट्रोत खाणं-पिणं बंद आहे, 500 सिंगापूर डॉलरपर्यंत दंड बसतो. आपल्या लोकांच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगा चटणी असणारच. चटणीचं पाकीट फुटलं तर अख्ख्या डब्याला कळेल. सकाळीच तंबी दे. बक्षीस म्हणून हवं तर तीच चटणी ठेव, परदेशात चौथ्या दिवशी तिच्यासाठी भांडणं होतात.

निघण्यापूर्वी एका रविवारी हा खेळ इथेच खेळून बघ, सिद्धेश्वर तलावापासून मधल्या मारुतीपर्यंत. तुझ्या आजीला एका गटात घाल. चिठ्ठ्या नव्याने लिहिल्यास की मला दाखव. त्या रविवारी मी पण येतो, माझेही गुडघे आता मास्तरांसारखेच झालेत.

तुझा,
काका