नागमोडी रेघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा तू आलीस, निळी फाईल मांडीवर घेऊन तासभर बसलीस आणि पुढ्यातला चहा तसाच ठेवून गेलीस. रात्री मला झोप लागली नाही. समोर बोलायचं राहिलं ते लिहून पाठवते.

प्रबंधासाठी घेतलेल्या तुझ्या ४१२ ओव्यांच्या आख्यानाची नववी हस्तलिखित प्रत मिळाली आणि तू प्रतीप्रतींतली अक्षरं एकाखाली एक ताडायची सगळी तुलनापत्रकं पहिल्या ओवीपासून नव्याने लिहायला घेतलीस. आधीच्या आठ प्रतींची पत्रकं चांगली शाबूत असताना! का, तर नववीची ओळ खाली जोडली की कागद वाईट दिसतो. मी पाहिली ती पत्रकं. एका चौकोनात एक अक्षर, मोत्यासारखं. एका ठिकाणी खोडरबराने इतकं घासलं आहेस की ‘ज्ञ’च्या जागी भोक पडलंय. तेवढ्यात तुझा फोन दोनदा थरथरला, त्यावर ‘आई’ असं दिसलं आणि तू तो पालथा घातलास. गाइडना चौदा महिन्यांत एक प्रकरण दिलेलं नाहीस. “अजून नीट झालं नाही, बाई.” हे वाक्य तू मला चार वेळा ऐकवलंस.

नीट म्हणजे कुणाला दाखवल्यावर नीट? तो माणूस कोण आहे, मला सांग. मला तरी तो पन्नास वर्षांत भेटलेला नाही.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा, म्हणजे अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेल्या आवृत्तीचा, कुठलाही खंड काढ. तू तो अनेकदा काढला असशील, पण तुझे डोळे थेट खाली, पाठभेदांकडे, म्हणजे निरनिराळ्या पोथ्यांतल्या वेगळ्या शब्दांकडे जातात. या वेळी वर संहितेकडे, संपादकाने स्वीकारलेल्या मजकुराकडे बघ. काही शब्दांखाली, कधी नुसत्या दोन अक्षरांखाली, एक नागमोडी रेघ दिसेल. इथला पाठ पक्का नाही, असं संपादक त्या रेघेने सांगतो. जो बरा वाटला तो घेतला, शंका उघड ठेवली, पुढचा श्लोक. भांडारकर संस्थेत हे काम १९१९ मध्ये सुरू झालं, १९२५ मध्ये मुख्य संपादक म्हणून विष्णु सीताराम सुकथनकरांनी हाती घेतलं, आणि पुरं झालं १९६६ मध्ये. १,२५९ हस्तलिखितं. एवढ्या पसाऱ्यात प्रत्येक अक्षराची खात्री होईपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर आदिपर्वसुद्धा आपल्या हाती आलं नसतं. आपण व्यासांचं मूळ शब्दशः परत मिळवतो आहोत असा सुकथनकरांचा दावाच नव्हता. हाती असलेल्या पोथ्यांच्या आधारे जितकं मागे जाता येईल तितकं जायचं, एवढंच. इतका मोठा पंडित ‘इथे मला खात्री नाही’ असं रेघ मारून छापतो, आणि तू मात्र आठ ओव्यांच्या शंकांसाठी चारशे ओव्या अडवून बसली आहेस.

नागमोडी रेघ ओढ आणि पुढे जा. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कंटाळलीस तरी.

तू म्हणशील, दहावी प्रत निघाली तर? निघेल की. आदिपर्व १९३३ मध्ये पुरं झालं आणि त्यानंतर नेपाळमधली आदिपर्वाची फार जुनी पोथी सुकथनकरांच्या हाती आली. त्यांनी तिच्यावर स्वतंत्र लेख लिहिला. त्यांनी केलेल्या बऱ्याच निवडींना त्या पोथीने दुजोरा दिला. आदिपर्व छापून बाहेर पडलेलं होतं, म्हणून तर पोथी ताडून पाहायला काहीतरी होतं. सुकथनकर १९४३ च्या जानेवारीत गेले. अठरा पर्वांपैकी दोन, आदि आणि आरण्यक, त्यांनी स्वतः संपादित केली. बाकीची वाटून दिली होती, सभापर्व तर पार अमेरिकेतल्या एजर्टनना. आपल्या हातून गेलेलं काम दुसरा आपल्यासारखंच करील याची खात्री त्यांना असेल का? तरी दिलंच ना.

आता माझं सांगते. हे तुला कुणी सांगितलं नसेल, कारण ज्यांना ठाऊक होतं ती माणसं आता उरली नाहीत.

माझ्याकडेही एक आख्यान होतं. सहा प्रती. त्यात ११७ व्या ओवीत एक बाई वाऱ्यापासून दिवा झाकते. तीन प्रतींत ती तो ‘पालवें’ झाकते, तीन प्रतींत ‘पल्लवें’. दोन्हींचा अर्थ पदरच. ओवीला अक्षरांचं बंधन नाही, तेव्हा छंदही निकाल देत नाही. या एका शब्दावर मी दोन वर्षं घालवली. सातवी प्रत तंजावरला आहे असं कळलं म्हणून तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात दोनदा जाऊन आले. ती मिळाली, संपूर्ण उतरून आणली. अख्ख्या पोथीत माझ्या संहितेतले तीन शब्द बदलले. आणि ११७ व्या ओवीचं पानच त्या प्रतीत नव्हतं.

ज्या गुरुजींनी मला ती पोथी पहिल्यांदा वाचून दाखवली, ते दर दसऱ्याला विचारायचे, “छापखान्यात गेली का?” मी म्हणायची, “एवढं पालवचं ठरू द्या.” नंतर त्यांची दृष्टी गेली. तेव्हा ते विचारायचे, “वाचून तरी दाखवतेस का?” कच्चं कसं दाखवायचं, म्हणून मी तेही केलं नाही. ते गेले त्या दिवशी माझ्या टेबलावर शब्दसूचीचा तिसरा खर्डा होता. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीने दिवाळीला बोलावलं होतं, तेव्हा दुसरा खर्डा चालला होता. ती तिची शेवटची दिवाळी ठरली. याहून जास्त लिहीत नाही.

एक मात्र सांगते, पाठ ‘पालव’च बरोबर आहे. संस्कृत येणारा लेखनिक ‘पालव’ला सुधारून ‘पल्लव’ करील, ‘पल्लव’चा ‘पालव’ करायला कोण जाईल? हे मी आजही कुणाशीही वाद घालून सिद्ध करीन. त्या दोन वर्षांत मी आळस केला नाही, हेही खरं. पण हे मला पहिल्याच आठवड्यात सुचलं होतं गं. उरलेला सगळा काळ मी फक्त कुणी बोट ठेवू नये म्हणून घालवला.

तुझ्याच पोथीचं उदाहरण घे. त्यात जागोजागी हरताळ आहे ना? पिवळा, जाडसर, कडेला तडकलेला. ‘हरताळ फासणं’ आपण आता वाईट अर्थानेच वापरतो, पण लेखनिकाचं ते दुरुस्तीचं साधन होतं. अक्षर चुकलं की वर हरताळ लावायचा, सुकला की त्यावर बरोबर अक्षर घालायचं आणि ओळ पुढे न्यायची. चुकलं म्हणून त्याने पान फाडलं नाही. शेवटी लिहून मोकळा झाला, ‘यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते’. शुद्ध असो वा अशुद्ध, मला दोष देऊ नका. त्याने पोथी पुरी केली, म्हणून तुला प्रबंधाला विषय मिळाला.

आणि हे रात्री दोनपर्यंत जागणं बंद कर. याला तू काटेकोरपणा म्हणतेस? ही घाई आहे. रात्रीत साठ ओव्या ताडतेस, सकाळी विश्वास वाटत नाही म्हणून त्याच पुन्हा ताडतेस. लागोपाठच्या दोन चरणांचा शेवट सारखा असला की लेखनिकाची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरते आणि मधली ओळ गळते, हे तू मला तोंडपाठ म्हणून दाखवशील. मग तुझे डोळे काय वेगळे आहेत? तुझ्या सहाव्या प्रतीच्या पत्रकात २०३ ची अर्धी ओवी अशीच गळली आहे. परवा मला दिसली, तुझा चेहरा बघून बोलले नाही. दिवसाला पंचवीस ओव्या, उजेड असताना, मोठ्याने म्हणत. सव्विसावी उद्या. संध्याकाळी फाईल बांधून ठेवायची आणि बाहेर पडायचं. सावकाश वाचायचं आणि वेळेवर सोडायचं. तू नेमकं उलटं करते आहेस.

‘पण बाई’ नको. गाइड काय म्हणतील? चार चुका दाखवतील. दाखवू देत, त्याचा त्यांना पगार मिळतो. तुझं पाचवं प्रकरण तिसऱ्याहून चांगलं होईल ते त्या चार चुकांमुळेच, आणि तिसरं तू देतच नाहीस.

आईचा फोन तू पालथा घातलास, त्याबद्दल मी खरी रागावले आहे. “तिला काय सांगू, काहीच झालेलं नाही,” म्हणालीस. तिने प्रबंध मागितला होता का? जेवलीस का, एवढं विचारायचं असेल. तिथेही रेघ ओढता येते. ‘आई, माझं काही ठरत नाहीये, पण बोल.’ इतकं कच्चं बोललेलं आईला चालतं. माझ्या बहिणीलाही चाललं असतं.

तर आता असं कर. तुलनापत्रकं पुन्हा लिहिणं आजपासून थांबव. नववीची ओळ खाली जोड, वाईट दिसू दे. शंकेच्या आठ ओव्यांत तुला आज जो पाठ बरा वाटतो तो घाल, नागमोडी रेघ ओढ आणि पुढे जा. शुक्रवारी संध्याकाळी तिसरं प्रकरण घेऊन ये, आहे तसं. शेवटचं पान अर्धं असलं तर अर्धं. मी मुगाची खिचडी टाकीन, जेवूनच जा.

तुझ्याकडे माझंही एक काम आहे. माझी फाईल काल कपाटातून काढली. कडा पिवळ्या पडल्यात, टाचण्या गंजल्यात, अक्षर मात्र लागतं. ११७ खाली रेघ ओढायला पेन्सिल घेतली होती, हात पुढे गेला नाही. तू आलीस की पहिल्या ओवीपासून मला मोठ्याने वाचून दाखव. त्या ओवीशी आलो की थांबू नकोस.

तुझी,
बाई