लेन्सनं बुबुळ घासते का?

"मॅडम, त्या लेन्सनंच पोराचा डोया खाल्ला. अन् आता तुमी त्याच्याहूनबी मोठी लेन्स द्याले निंगाले!"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून सकाळच्या पहिल्या एसटीने आलेल्या मावशी खुर्चीत बसायच्या आधीच बोलल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मुलगा एकवीस वर्षांचा, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. दोन्ही डोळ्यांत केरॅटोकोनस हा बुबुळाचा आजार, तीन वर्षांपासून हार्ड लेन्स. उजवीकडची लेन्स आता टोचायची, धुळीत तर डोळ्यात ठेवणंच कठीण व्हायचं. डॉक्टरांनी स्क्लेरल लेन्स, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स, सुचवली होती. ती हातात घेऊन मावशींनी नखाएवढ्या जुन्या लेन्सशेजारी ठेवून पाहिली, आणि तिथेच बिनसलं.

लेन्सने बुबुळ घासून पातळ होतं, ही भीती माझ्या टेबलासमोर दर आठवड्याला येते. मी ती हसण्यावारी नेत नाही. कारण तिच्यात तथ्य आहे.

ऑप्टोमेट्रिस्टने मुलाच्या डोळ्यात जुनी लेन्स घातली, नारंगी रंगद्रव्य लावलेली पट्टी टेकवली आणि निळ्या उजेडात फोटो काढला. तो मी मावशींना दाखवला. सगळीकडे हिरवं चमकत होतं, मधोमध मात्र ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका. हिरवं म्हणजे लेन्सखालचं पाणी. काळं म्हणजे तिथे पाणीच उरलेलं नाही, बुबुळावरच्या काचेचं टोक लेन्सला टेकलंय. नेमका तिथेच एक पुसट पांढरा डाग होता.

"मावशी, तुमचं अर्धं खरं आहे," मी म्हटलं.

केरॅटोकोनसमध्ये बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, पातळ होत शंकूसारखी पुढे येते. पृष्ठभागच वेडावाकडा झाला की चष्मा फारसा उपयोगी पडत नाही. कडक लेन्स त्यावर गुळगुळीत नवा पृष्ठभाग देते, मधल्या खाचखळग्यांत अश्रू भरतात आणि दिसू लागतं. पण शंकू वाढला आणि लेन्स जुन्याच मापाची राहिली, तर टोक तिच्यावर टेकतं. अमेरिकेत 1995 पासून बाराशेहून जास्त रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. त्यात अशा सपाट बसलेल्या लेन्सखाली डाग जास्त आढळले. अर्थात नुसत्या आजारानेही डाग पडतो, आणि आजार जास्त असलेल्या डोळ्यातच लेन्स अशी टेकते. तेव्हा सगळा दोष लेन्सच्या माथी मारता येत नाही.

मावशी शांत झाल्या, तर मुलगा बोलला. त्याचं मला जास्त काळजीचं वाटलं.

"पण मॅडम, डोळा तर सुधारला ना? गेल्या वर्षी 52 होतं, आज 51 आलं. लेन्सनं दाबून धरलं त्याले."

हे आकडे कॉर्नियाच्या वक्रतेचे, डायॉप्टरमध्ये; आकडा जितका मोठा तितका शंकू टोकदार. कॉर्नियाचा नकाशा, टोपोग्राफी, त्या सकाळीच काढला होता. लेन्स त्याने रांगेत बसल्यावर, दहा मिनिटं आधी काढलेली. गेल्या वर्षीचा नकाशा मात्र पंधरा दिवस लेन्स बंद ठेवून काढलेला होता. मी विचारलं, "गादीखाली दाबून ठेवलेल्या शर्टाची इस्त्री किती वेळ टिकते?"

तो हसला. लेन्सने दाबलेला आकार उतरल्यावर नकाशा पुन्हा काढायचा ठरला. पण पंधरा दिवस लेन्स बंद म्हणजे त्याच्यासाठी पंधरा दिवस दुकान बंद, गाडी बंद. कुरकुरत का होईना, त्याने ते केलं. परत आला तेव्हा आकडा 53.9 होता आणि सर्वात पातळ जागी कॉर्निया 441 मायक्रॉन. निरोगी कॉर्निया मधोमध साधारण 540 मायक्रॉनचा असतो. म्हणजे लेन्स लावून त्याला छान दिसत होतं आणि खाली आजार पुढे सरकत होता. लेन्स तो वाढवत नव्हती, थांबवतही नव्हती. मग वाढवत काय होतं? मावशींनीच सांगून टाकलं, "रातच्याले लेन्स काढली का दोन्ही मुठीनं डोये चोयते." चोळण्याचा आणि या आजाराचा संबंध जवळचा आहे. डॉक्टरांनी खाजेचे थेंब सुरू केले.

आधी क्रॉसलिंकिंग झालं. रायबोफ्लेविनचे पिवळे थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्निया कणखर करायचा, आजार थांबवायचा. जखम नीट भरल्यावर मग लेन्स.

स्क्लेरल लेन्स मोठी का, हे मावशींना मी कमानीच्या पुलासारखं समजावलं. तिचे पाय पांढऱ्या भागावर टेकतात, कॉर्नियावरून ती अधांतरी जाते. मधे मिलिमीटरच्या पाव भागाएवढं सलाइन असतं, आणि लेन्स दिवसभरात थोडी खाली बसते. नव्या फोटोत काळा ठिपका नव्हता.

फुकट मात्र काही नाही. कॉर्निया हवेतून ऑक्सिजन घेतो. लेन्स आणि खालचं पाणी मिळून तो थोडा कमी पोहोचतो, त्यामुळे एकदोन टक्के सूज येऊ शकते. साध्या झोपेत डोळे मिटूनही तीनचार टक्के येते आणि सकाळी उतरते, म्हणून ती निरोगी कॉर्नियाला जड जात नाही. पण लेन्स घालून झोपलं तर दोन्हींची बेरीज होते. दुपारी धूसर वाटलं तर काढायची, धुवायची, नवं सलाइन भरून घालायची. विहिरीचं, बोअरचं, फिल्टरचं, कुठलंच पाणी लेन्सला लावायचं नाही, कारण त्यातला अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव डोळा घालवू शकतो. आणि कपाशीवर फवारणीला जाताना लेन्स घरी.

"हा शहरातल्या पोरायचा आजार ना?" मावशींनी निघताना विचारलं. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या लोकांची तपासणी झाली होती. 2009 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात सुमारे 2.3 टक्के लोकांचा कॉर्निया 48 डायॉप्टर किंवा त्याहून जास्त वक्र निघाला. केवळ वक्रतेवरून मोजलेला आकडा म्हणून तो जरा जपून घ्यावा, पण आजार खेड्यात नाही असं कुणी म्हणू नये.

सहा महिन्यांनी दोघं पुन्हा आले. आईने त्याचा हात धरला होता, स्टँडवरची पाटीही तिनेच वाचली म्हणे. मी घाबरून विचारलं, "काय झालं?"

त्याने खिशातून लेन्सची डबी काढून टेबलावर ठेवली. "काई नाही मॅडम. नकाशा काढाचा हाय ना, पंधरा दिवस झाले घातलीच नाही."

आकडा 53.8 आला.