पान एक आणि पान सतरा

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले होते, की 2003 च्या इराक युद्धाआधी अमेरिकेतल्या मोठ्या पत्रांनी खोटं स्वतः रचलं नाही. दुसऱ्याचं खोटं, म्हणजे सद्दाम हुसेनच्या इराककडे महासंहारक अस्त्रं आहेत हे सरकारचं म्हणणं, पहिल्या पानावर घेतलं आणि खरं आतल्या पानात ढकललं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. मालिकांवरची भांडणं पुढच्या अंकात.

ताई, अमेरिकेत वृत्तपत्रांना घटनेचं संरक्षण आहे, सेन्सॉर नाही. मग एवढी मोठी पत्रं सरकारच्या मागे गेली कशी? वरून दबाव होता का?
— पत्रकारितेची विद्यार्थिनी, सांगली

दबाव शोधत बसलीस तर फारसं काही हाती लागणार नाही. त्यापेक्षा बातमी येते कुठून आणि जाते कुठे, ते बघ.

8 सप्टेंबर 2002, रविवार. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर मायकेल गॉर्डन आणि जुडिथ मिलर यांची बातमी आली. इराक विशिष्ट प्रकारच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या मिळवायच्या खटपटीत आहे, त्या अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करायला वापरतात, असं तिचं सार. सांगणारे कोण, तर नाव न दिलेले सरकारी अधिकारी. त्याच सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी एनबीसीवर मुलाखतीला बसले आणि आजच्या ‘टाइम्स’मध्ये आलंच आहे, म्हणून नळ्यांचा दाखला दिला. म्हणजे सरकारने पत्राला सांगितलं, पत्राने छापलं आणि सरकारने पत्राकडे बोट दाखवून तेच जनतेला ऐकवलं. यात कुणी कुणाला दमदाटी केली नाही. वार्ताहराला पहिलं पान मिळालं, सरकारला साक्षीदार मिळाला.

अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातले तज्ज्ञ सांगत होते, की या नळ्या साध्या रॉकेटच्या मापाच्या आहेत. हा मतभेद ‘टाइम्स’च्या वार्ताहरांना पाच दिवसांत कळला. तो छापला कुठे? तेराव्या पानावर, एका लांबलचक बातमीच्या पोटात, आणि मथळ्यात त्याचा मागमूस नाही. मी बरीच वर्षं कोल्हापूरच्या एका दैनिकात रात्रपाळीला परदेशी बातम्यांचं टेबल सांभाळलं. आत टाकलेली बातमी कितीजण वाचतात, ते मला वितरण विभागाने सांगायची गरज नव्हती. प्रुफं वाचणाराही तिथवर येईतो पेंगलेला असायचा.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे आणि तुला परीक्षेतही उपयोगी पडेल. अहमद चलबी यांची इराकी नॅशनल काँग्रेस ही सद्दामविरोधी परागंदा मंडळींची संघटना. ती इराकमधून पळून आलेली माणसं वार्ताहरांसमोर बसवायची आणि तीच माणसं अमेरिकी अधिकाऱ्यांकडेही न्यायची. वार्ताहर या माणसाची गोष्ट ऐकून खातरजमेसाठी अधिकाऱ्याला फोन करायचा. अधिकारी म्हणायचा, हो, आमच्याही कानावर आहे. झाली खातरजमा! दोन तोंडं, पोट एकच. मे 2004 मध्ये ‘टाइम्स’च्या संपादकांनी आपल्या इराक-बातम्यांबद्दल वाचकांसाठी टिपण छापलं, त्यात हा प्रकार सांगितला आहे. ते टिपणही दहाव्या पानावर.

‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये वॉल्टर पिंकस नावाचे मुरलेले वार्ताहर होते. युद्ध सुरू व्हायच्या चार दिवस आधी, 16 मार्च 2003 ला त्यांची बातमी आली, की बंदी असलेली शस्त्रं इराककडे नेमकी किती आणि कुठे आहेत, हे अमेरिकी हेरखात्यांना सांगता येत नाही. पान सतरा. तीही ‘पोस्ट’मधलेच नामांकित पत्रकार बॉब वुडवर्ड यांनी आपलं वजन टाकलं म्हणून लागली. पुढे ‘पोस्ट’नेच आपला हिशोब मांडला: ऑगस्ट 2002 पासून युद्धापर्यंत सरकारचं म्हणणं मांडणाऱ्या 140 हून अधिक बातम्या पहिल्या पानावर लागल्या होत्या.

सगळेच फसले, असंही नाही. नाइट रिडर या वृत्तपत्रसमूहाच्या वॉशिंग्टन कार्यालयातले जोनाथन लँडे, वॉरन स्ट्रोबेल आणि त्यांचे संपादक जॉन वॉलकॉट 2002 च्या सप्टेंबरपासूनच लिहीत होते, की पुरावा कच्चा आहे आणि अधिकाऱ्यांच्या पोटात त्यावरून गोळा आला आहे. मंत्र्यांच्या जेवणावळीत या मंडळींना पान नव्हतं. त्यामुळे त्यांनी कागद प्रत्यक्ष हाताळणारे मधल्या फळीतले लोक गाठले. पण समूहाचं एकही पत्र न्यूयॉर्कला किंवा वॉशिंग्टनला निघत नव्हतं. राजधानीत सकाळी चहासोबत जे वाचलं जात नाही, ते देशात घडलेलंच नसतं. (आपल्याकडे हे मुंबईबद्दल खरं आहे, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको.)

टीव्ही पाहून लोकांचं मत बनतं, की लोकांना आवडेल तेच टीव्ही दाखवतो? अंड्या-कोंबडीचा वाद वाटतो मला.
— निवृत्त मुख्याध्यापक, नाशिक

सर, वाद आहेच. पण या युद्धापुरते काही आकडे हाताशी आहेत, ते आधी ठेवते.

5 फेब्रुवारी 2003 ला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकविरुद्धचे ‘पुरावे’ मांडले. त्या भाषणाच्या आगेमागे मिळून दोन आठवडे एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि पीबीएस यांच्या रात्रीच्या बातमीपत्रांत इराकविषयी जे जे बोलले, त्यांची मोजदाद फेअर या माध्यमांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने केली. एकूण 393 माणसं. त्यांतली तीन चतुर्थांश आजी किंवा माजी सरकारी, लष्करी अधिकारी. युद्धविरोधी चळवळीतली किती? तीन. आणि त्याच महिन्यात, 15 फेब्रुवारीला, लंडन-रोमपासून न्यूयॉर्कपर्यंत लाखो माणसं युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरली होती.

आता दुसरा अभ्यास. मेरीलँड विद्यापीठाशी संलग्न पिपा या गटाने 2003 च्या उन्हाळ्यात तीन हजारांहून अधिक अमेरिकनांना विचारलं: सद्दाम आणि अल कायदा यांच्या साटंलोट्याचा पुरावा सापडला का, महासंहारक अस्त्रं सापडली का, जगातलं बहुमत या युद्धाच्या बाजूने होतं का. तिन्हींचं उत्तर नाही. तरी यांतला निदान एक गैरसमज मनात असलेले लोक फॉक्स या वृत्तवाहिनीच्या प्रेक्षकांत 80 टक्के होते, सीबीएसच्या 71, वृत्तपत्रं वाचणाऱ्यांत 47 आणि सार्वजनिक प्रसारणाच्या, म्हणजे एनपीआर-पीबीएसच्या श्रोत्या-प्रेक्षकांत 23 टक्के. आणि गैरसमज जितके जास्त, तितका युद्धाला पाठिंबा जास्त.

तुम्ही म्हणाल, ज्यांना तेव्हाचे अध्यक्ष बुश आवडतात तेच फॉक्स लावतात. बरोबर. म्हणून त्या अभ्यासकांनी पक्षानुसार वेगळी छाननीही केली, तरी वाहिन्यांमधला फरक उरलाच. मला मात्र सीबीएसचा आकडा जास्त बोलका वाटतो. ती काही कुठल्या पक्षाचा झेंडा घेतलेली वाहिनी नव्हती.

उलट दिशेनेही गाडी चालते, हे कबूल. एमएसएनबीसीवर फिल डोनाह्यू युद्धविरोधी पाहुण्यांना बोलावत. फेब्रुवारी 2003 च्या अखेरीस त्यांचा कार्यक्रम बंद झाला. प्रेक्षकसंख्या हे कारण दिलं गेलं, पण त्या वाहिनीवर त्यांचाच कार्यक्रम सर्वांत जास्त पाहिला जात होता. मग एक अंतर्गत अहवाल फुटला. त्यात काळजी ही होती, की प्रतिस्पर्धी वाहिन्या झेंडे फडकवत असताना युद्धाच्या काळात हा चेहरा आपल्याला अडचणीचा ठरेल. प्रेक्षक रागावलाच नव्हता अजून. तो रागावेल, या भीतीने निर्णय झाला. अशा वेळी अंडं कुठलं आणि कोंबडी कुठली, सर, ते तुम्हीच ठरवा.

बगदादमध्ये सद्दामचा पुतळा पाडला, तो प्रसंग खरा होता की रचलेला? माझा मुलगा म्हणतो सगळं नाटक होतं.
— गृहिणी, पुणे

मुलाला सांगा, नाटक म्हणून मोकळं होता येत नाही. 9 एप्रिल 2003 ला फिरदोस चौकात इराकी लोक आले होते, एकाने पुतळ्याच्या चौथऱ्यावर हातोडा घातला होता, आनंदही खरा होता. पुतळा काही त्यांना हलेना. मग अमेरिकी मरीन दलाने आपलं रणगाडे ओढणारं वाहन आणलं, साखळी बांधली आणि ओढला. एका सैनिकाने मधेच पुतळ्याच्या तोंडावर अमेरिकी झेंडा टाकला, तो घाईघाईने काढला.

आता चौक कुठला, ते बघा. समोरच पॅलेस्टाइन हॉटेल, बगदादमधले बहुतेक परदेशी वार्ताहर तिथे उतरलेले. कॅमेरे जवळून धरले होते, त्यामुळे चौक माणसांनी फुलल्यासारखा दिसला. लांबून काढलेल्या छायाचित्रांत बराच चौक रिकामा दिसतो. ते दृश्य अमेरिकी वाहिन्यांनी दिवसभर फिरवलं आणि युद्ध संपलं, असा समज घरोघर पोचला. त्या दिवशी शहरातच इतरत्र गोळीबार चालू होता. आणि आदल्याच दिवशी त्याच पॅलेस्टाइन हॉटेलवर अमेरिकी रणगाड्याचा तोफगोळा येऊन रॉयटर्स वृत्तसंस्थेचे तारास प्रोत्स्युक आणि स्पॅनिश वाहिनीचे होसे कोउसो हे दोन कॅमेरामन ठार झाले होते. अल जझीरा या अरबी वृत्तवाहिनीचे तारिक अय्यूब त्याच दिवशी हवाई हल्ल्यात गेले. हे किती जणांच्या लक्षात आहे? पुतळा सगळ्यांच्या लक्षात आहे.

अमेरिकेलाच का झोडपता? सद्दाम काय संत होता?
— एक नियमित वाचक, ठाणे

नव्हता. मार्च 1988 मध्ये त्याच्या विमानांनी हलबजा या कुर्दी गावावर विषारी वायू टाकला, सुमारे 5000 माणसं मेली. तेव्हा तो इराणशी लढत होता आणि अमेरिकेला तो हवा होता. म्हणून अमेरिकी परराष्ट्र खातं इराणकडेही बोट दाखवत होतं. पंधरा वर्षांनी तेच हलबजा युद्धाच्या समर्थनाला कामी आलं. संत कोण, हा प्रश्न मी विचारलेलाच नाही. तुमचं वर्गणीचं नूतनीकरण मिळालं, आभार.

तेव्हा आपली मराठी पत्रं काय करत होती? आपल्याकडे जनमत तर युद्धाच्या विरोधात होतं ना?
— जळगाव

होतं. 8 एप्रिल 2003 ला लोकसभेने या युद्धाविरुद्ध ठराव केला, त्याला सर्व पक्षांची साथ होती. गंमत अशी, की अग्रलेख युद्धाच्या विरोधात आणि बातमी मात्र अमेरिकी सेनापतीच्या तोंडची. कारण सोपं आहे. बगदादला माणूस पाठवणं आमच्यासारख्या दैनिकांच्या आवाक्यातलं नव्हतं. पीटीआय या आपल्या वृत्तसंस्थेवरून एपी, एएफपी या परदेशी वृत्तसंस्थांचा मजकूर यायचा. अमेरिकी लष्कराची रोजची पत्रपरिषद कतारमध्ये दोह्याजवळ भरायची, आणि सहाशेच्या आसपास वार्ताहर सैन्याच्या तुकड्यांबरोबरच पुढे सरकत होते. सैनिकाच्या गाडीत बसलेल्याला गाडीच्या काचेतून जे दिसेल, ते तो लिहिणार. रात्री साडेअकराला पान सोडायचं असताना पहिला परिच्छेद दोह्याचाच राहायचा. इराकचे माहितीमंत्री सहाफ रोज छातीठोकपणे सांगायचे, की शहरात अमेरिकी सैनिक नाहीतच. त्यांची एक हसरी चौकट करून आम्ही दुसरी बाजू दिल्याचं समाधान मानायचो. बॉम्बखाली राहणाऱ्या माणसाची बाजू त्या चौकटीत कुठून येणार?

खरी कसोटी नंतर आली. अमेरिकेने इराकमध्ये ठेवायला भारताकडे सुमारे 17,000 सैनिकांची डिव्हिजन मागितली. दिल्लीच्या इंग्रजी पत्रांत काही संरक्षणतज्ज्ञ लिहीत होते, पाठवा, महासत्तेशी जवळीक होईल. वाजपेयी सरकारने 14 जुलैला नकार दिला: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू. विधानसभांच्या निवडणुका तोंडावर होत्या, लोकसभेची फार लांब नव्हती. परक्याच्या युद्धात आपल्या पोरांच्या शवपेट्या कुणालाच नको होत्या, आणि हे समजायला कुठल्या वाहिनीची गरज पडली नाही.

माझे दीर तेव्हा कुवेतला होते. टीव्हीवर आगडोंब दिसायचा आणि ते फोनवर म्हणायचे, आम्ही कामावर जातोय. आम्ही कुणावर विश्वास ठेवायचा होता?
— रत्नागिरी

दोघांवरही, ताई. इराकी क्षेपणास्त्रं कुवेतवर येत होती, सायरन वाजायचे, मार्चच्या शेवटी एक सूक शर्क या समुद्रकाठच्या बाजाराला लागून पडलं. बाकी शहर कामाला जात होतं. पण कामाला जाणाऱ्या शहराचं चित्रण करायला कॅमेरा कोण पाठवतो? शिवाय दीर घरच्यांना धीर यावा म्हणून दोन गोष्टी गाळतही असतील. 1990 साली सद्दामने कुवेत घेतल्यावर तिथून नेसत्या कपड्यांनिशी परतलेले कोकणातले लोक मी पाहिले आहेत, तेही आईला फोनवर ठीक आहे असंच सांगत होते.

एक विचारते. आखातात तेव्हा बरेच जण अल जझीरा बघत. पकडलेले आणि मेलेले अमेरिकी सैनिक त्या वाहिनीने दाखवले, तेव्हा अमेरिकेत एवढा गहजब झाला, की न्यूयॉर्क शेअर बाजाराने तिच्या वार्ताहरांचे प्रवेशपरवाने काढून घेतले. तुमच्या दिरांच्या खोलीवर कुठली वाहिनी लागायची, मल्याळी आणि मिसरी सोबत्यांशी त्यावरून काय बोलणं व्हायचं, हे त्यांना आठवत असेल तर लिहून पाठवायला सांगा. दोन पानं झाली तरी चालेल, कापणार नाही.